माती चाखून घेतलेलं घर

अमेरिका नावाच्या कुठल्याशा मुलखात भाऊभाऊ एकमेकांच्या जिवावर उठले आणि त्याचा फायदा तिवश्याजवळच्या जानराव पाटलांना झाला, यात जानरावांचा काही दोष नव्हता. तिकडचा कापूस अडला, विलायतेतल्या गिरण्यांना वऱ्हाडाची आठवण झाली, आणि ज्या कापसाकडे पाहून दलाल नाक मुरडायचे त्याला सोन्याचा भाव आला. दोन वर्षांत भल्याभल्यांची डोकी फिरली. कोणी बैलांच्या शिंगांना चांदी लावली, कोणी घरात पलंग आणून स्वतः खालीच निजू लागला, कारण पलंगावरून पडायची भीती वाटे. ती लढाई मिटू नये म्हणून गावच्या मारुतीला नारळ फोडणारेही होते, आणि अमेरिका कुठल्या अंगाला आहे हे त्यांनी मारुतीला हात करून दाखवलं होतं. जानराव शहाणे समजले जायचे. त्यांनी असलं काही केलं नाही. त्यांनी फक्त अमरावतीला घर करायचं ठरवलं.

ठरवलं म्हणजे तोंडातून निघून गेलं. त्यांची एकुलती एक लेक जयवंता उन्हाळ्यात अकोल्याला, जुन्या शहरातल्या भगवंतरावांच्या घरी दिली होती. दिवाळीच्या आधी जानराव तिला आणायला गेले, तर भगवंतराव पान लावता लावता म्हणाले, "दिवाळी आमच्याकडंच होऊ द्या इवाई. आखाजीले पाठवू. पन खरं सांगू का? मांगच्या खेपेले तुमच्या घरी उतरलो त तुमचा बैल माह्या उशाशी रवंथ करून राहिला होता. आमची सून हाय आता ते. घर जरा बरं असन त पाठवतो."

व्याह्याने बैलावर बोलावं हे जानरावांना लागलं. बैल चांगल्या वळणाचा होता. ते ताठ बसून म्हणाले, "आखाजीच्या आत उमरावतीले माह्यं घर असन. तुमी सोता पोरीले सोडाले या." तेव्हा अमरावतीला सगळे उमरावतीच म्हणत, आणि अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येऊन झोके घेतात त्या सणाला, आखाजी. आपण उमरावतीला घर करणार आहोत हे जानरावांनाही त्याच वेळी कळलं. आतल्या दाराआडून जयवंताने ते ऐकलं, आणि निघताना तिने बापाच्या हातावर लाडवांची पुरचुंडी ठेवून एवढंच विचारलं, "बाबा, आखाजीले झोका बांधाले झाड असन न तिथं?" जानराव म्हणाले, असन. यापुढे मागे फिरायची सोय राहिली नाही.

पार्वताबाईंनी, म्हणजे पाटलीणबाईंनी, सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला. "शेजारी कोन राहीन?"

"आधी जागा पाहू," जानराव म्हणाले. "शेजारी काय, कुठंबी असतेच."

जागा दाखवायला पुंजाराम नावाचा दलाल मिळाला. हा मूळचा कापसाचा दलाल. कापसाचा सौदा जसा हातावर उपरणं टाकून आत बोटं दाबून करतात तसाच तो घरांचाही करी, त्यामुळे साधं "किती खोल्या हायेत?" विचारलं तरी तो उपरणं टाकून जानरावांची तीन बोटं दाबायचा. पहिलं घर सराफ्याच्या मागच्या गल्लीत होतं. मोहल्ला इभ्रतीचा, शेजारी सगळे अंगठीवाले. जानराव गाडी घेऊनच आत शिरले आणि मग कळलं की गल्लीत गाडी वळत नाही. बैल सोडून गाडी मागे ढकलावी लागली, आणि त्या इभ्रतीच्या मोहल्ल्यातला प्रत्येक माणूस ओट्यावर येऊन "डावं चाक, पाटील, डावं" असं सांगून गेला. दुसरं घर कापूसबाजाराजवळ. तिथे घरधन्याने पाहुणचाराला ताक दिलं त्यावर बोटभर कापसाची साय होती. तिसऱ्या घराचा मालक म्हणाला की घर उत्तम आहे, फक्त आपण स्वतः त्यातून सुटायची वाट पाहत आहोत.

अमरावतीचं हे एक नवलच होतं. ज्याला विचारावं तो आपला मोहल्ला सोडून बाकी सगळे चांगले सांगायचा. बुधवाऱ्यातले म्हणत, इथं सोडून कुठंबी घ्या. कुठंबीवाले म्हणत, बुधवाऱ्यात घ्या.

अपवाद फक्त एक निघाला, आणि त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. अंबा दरवाज्याच्या आत माळ्यांची गल्ली होती. तिच्या तोंडाशी एक विहीर आणि विहिरीवर बायांचा घोळका. पार्वताबाई दमून तिथे टेकल्या, तर मैनाबाई नावाच्या एका माळणीने त्यांच्या पुढ्यात गूळपाणी ठेवलं, कुठून आल्या, लेकी किती, जावई काय करते, सगळं विचारून घेतलं आणि उठताना ओच्यात पाच वांगी टाकली. पार्वताबाई गाडीत बसता बसता म्हणाल्या, "अवो, इथंच पाहा ना कुठं."

"माळ्याच्या गल्लीत?" जानराव म्हणाले. "इवाई आले त काय सांगू, वांग्याच्या ढिगाच्या डाव्या अंगाले आमचं घर?"

गाडी शहराभोवतीच्या परकोटाच्या बाहेर पडली आणि तिथेच जानरावांचा घात झाला. रस्त्याला लागून एक मोकळा तुकडा होता. काळी माती, लोण्यासारखी, नुकतीच ओल धरलेली. जानराव चालत्या गाडीतून उतरले. त्यांनी मूठभर माती घेतली, चोळली, हुंगली आणि चिमूटभर जिभेवर ठेवून डोळे मिटले. पुंजारामने उपरणं काढलं.

"अवो," पार्वताबाई गाडीतूनच म्हणाल्या, "काळीत नांगर अन पांढरीवर गाव, हे काय म्या सांगाव तुमाले? काळीवर कोनी घर बांधते का? आपलं गावबी पांढरीवर हाय."

हे जानरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. पण दोन वर्षांच्या भावाने डोक्यात हवा गेलेली होती. ते म्हणाले, "काळीनं आपल्याले वर काढलं. तिच्यावर राहाले लाज काहून वाटावी?" हे वाक्य त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं की पुढचा विचार तिथेच थांबला.

आता परवानगी. त्या वर्षी सरकारी पैमाईश चालू होती आणि साखळी घेतलेले लोक शेतं मोजत हिंडत होते. ते जानरावांच्या तुकड्यावर आले आणि चालता चालता 'पडीक' असं लिहून पुढे निघाले. जानरावांना ते सहन झालं नाही. आयुष्यात त्यांच्या जमिनीला कोणी पडीक म्हटलं नव्हतं. त्यांनी साखळीवाल्यांना परत बोलावलं, कुदळ आणून तीन हात खड्डा खणून दाखवला, माती चाखायला लावली, वर हुरडा खाऊ घातला, आणि 'शेत, काळी, अव्वल' असं लिहून घेतल्यावरच सोडलं. त्या दिवशी ते फार खुशीत होते.

महिन्याने ते घराचा अर्ज घेऊन कचेरीत गेले. तिथले कारकून वामनराव पुण्याकडून आलेले होते आणि प्रत्येक कागद असा हाताळायचे, जणू तो आधी दुसऱ्याच कोणाच्या तरी टेबलावर जायला हवा होता.

"आपण घर बांधू म्हणता," वामनराव म्हणाले. "पण ही तर अव्वल प्रतीची शेतजमीन आहे. अव्वल शेतात घर कसं बांधता येईल?"

"जमीन माहीच हाय साहेब."

"जमीन आपली आहे, पण घर हे पीक नव्हे. 'पडीक' असं लिहिलं असतं तर आजच परवानगी मिळाली असती. अव्वल लिहून कोणी घेतलं?"

जानराव अर्ज घेऊन परतले. दुसऱ्या खेपेला वामनराव जेवायला गेले होते. तिसऱ्या खेपेला ते होते, पण शिक्का जेवायला गेला होता. चौथ्या खेपेला वामनरावांनाच दया आली. ते म्हणाले, "एक करता येईल. शेतात राखणदाराची खोपटी असते. तिला परवानगी लागत नाही."

"अहो, मेळघाटचा सागवान आनला हाय म्या. आठ खांब हायेत. वर छपराले कवेलू."

"राखणदार हौशी असेल," वामनराव म्हणाले आणि त्यांनी लिहून टाकलं: 'शेत, काळी, अव्वल. आत खोपटी एक.' जानरावांनी तो कागद घडी करून पागोट्यात खोवला आणि कोणाला दाखवायचा नाही असं ठरवलं.

खोपटी माघात पुरी झाली. घर म्हणून पाहिलं तर देखणं होतं. विहीरही खणली, तिला पाणी लागलं, पण त्या पाण्यात डाळ शिजेना. सकाळी चुलीवर घातलेली तूर संध्याकाळीही दाताशी भांडायची. म्हणून पार्वताबाई रोज दोन वेळा घागर घेऊन अंबा दरवाज्याच्या आतल्या विहिरीवर जायला लागल्या.

होळी झाली, ऊन तापलं, आणि जी काळी आजवर जानरावांचं ऐकत आली होती तिने आपला स्वभाव दाखवायला सुरुवात केली. पहिली भेग उंबऱ्याखाली पडली, सुतासारखी. आठवड्यात तिच्यात बोट जाऊ लागलं, पंधरवड्यात मूठ. चुन्याची डबी गेली, अडकित्ता गेला. एक कोंबडी ओसरीतल्या भेगेत शिरली ती तिसऱ्या दिवशी घरामागून निघाली, असं पार्वताबाई शपथेवर सांगत. मागची भिंत बाहेरच्या बाजूला कलली, आणि पुढचं दार जे उघडं राहिलं ते मिटेचना.

शेजारी तर नव्हतेच, तेव्हा सल्ला देण्याचं काम रस्त्याने जाणाऱ्यांनी वाटून घेतलं. एक गाडीवान म्हणाला, भेगेत पाणी सोडा, काळी फुगते अन बुजते. जानरावांनी दिवसभर पाणी सोडलं. काळी फुगली, बुजली, आणि उंबरा वीतभर वर आला. आता घरात शिरायला गुडघा उचलावा लागे. दुसरा म्हणाला, सरकी भरा, सरकी दबून बसते. जानरावांनी तीन पोती सरकी भेगांत ठासली. खाली ओल होतीच. आठव्या दिवशी उंबऱ्याच्या अल्याड पल्याड कापसाची दोन-दोन पानं डोलायला लागली. तशातच कचेरीचा शिपाई पाहणीला आला, चारी बाजूंनी हिंडला आणि लिहून घेऊन गेला: 'पीक उगवले आहे. राखणदार हजर.'

आखाजी पंधरा दिवसांवर आली.

"पोरीले या भिंतीखाली निजवता का?" पार्वताबाईंनी विचारलं.

"इवाई काय म्हनतीन मंग?"

"इवाई काय म्हनतीन ते मांगून आयकू. भिंत काय म्हनून राहिली ते आयका आधी."

भिंत कुरकुरत होती खरी. जानरावांनी तिला बाहेरून तीन दांडके लावले, दाराला दोरी बांधली, भेगांवर सतरंज्या अंथरल्या, आणि भगवंतरावांना सतरंजीच्या कुठल्या भागावर बसवायचं याचा मनाशी नकाशा केला. एक गोष्ट मात्र त्यांना बरी वाटत होती. घर आताशा मोठं वाटायला लागलं होतं. महिन्यापूर्वी चार पावलांवर काहीतरी पायात यायचं. आता कसं सुटसुटीत होतं. बांधणीच अशी आहे, वापरावं तसं घर खुलतं, असं त्यांनी रस्त्यावरच्या दोघा-तिघांना सांगितलंही.

आखाजीच्या आदल्या दिवशी ते नवं पागोटं घालून, त्यातच तो कागद पुन्हा खोवून दारात उभे राहिले, म्हणजे दार धरून उभे राहिले, कारण दोरी तुटली होती. अकोल्याची गाडी दुपारपर्यंत यायला हवी होती. दुपार कलली. उन्हं परकोटाच्या भिंतीवर गेली. गाड्या येत होत्या, जात होत्या, त्यात भगवंतरावांची नव्हती. मग जानरावांच्या मनात आलं की ते येऊन गेले असतील. लांबून कललेली भिंत पाहिली असेल, उंबऱ्यातला कापूस पाहिला असेल आणि गाडी वळवली असेल. आपल्या बडेजावापायी पोरीचं माहेर बुडालं. तिने काय मागितलं होतं, एक झोका बांधायला झाड. आठ खांबांच्या या घरापुढे साधं एक झाड नव्हतं, आणि हे आजवर आपल्या ध्यानातही आलं नाही, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले. दार सोडून ते आत गेले, पार्वताबाईंना सांगावं म्हणून.

आत पार्वताबाई नव्हत्या. चूलही थंड होती, आणि चुलीभोवती एक भांडं नव्हतं. उतरंड नव्हती, परात नव्हती, देवघरातले देव नव्हते. जानराव या खोलीतून त्या खोलीत गेले. सगळ्या घरात त्यांची एक बाज, त्यांचं जुनं पागोटं आणि सतरंज्या एवढंच उरलं होतं. आणि कोपऱ्यात, जिथे जातं असायचं, तिथे जमिनीवर फक्त एक गोल राहिला होता. भांडी कोणी उचलील, पण जातं हललं म्हणजे घरधनीण गेली. पार्वताबाई आपल्याला सोडून गावी गेल्या याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

ते पागोटं हातात घेऊन अंबा दरवाज्याकडे पळत सुटले. विहिरीवर नेहमीचा घोळका होता. धापा टाकत त्यांनी विचारलं, "बाई, इथं पार्वताबाई पान्याले येते, ते कोठी गेली ठाव हाय का?"

"तुमी कोन?" एकीने विचारलं.

"म्या तिचा मालक."

"अस्सं, खोपटीवाले," ती म्हणाली, आणि बाकीच्या पदराआड हसल्या. पागोट्यातला कागद चार महिने कोणाला न दाखवता जपला होता. तो गावभर होता. "जा न मंग, सरळ आत जा. निंबाखाली."

गल्लीत शिरताच त्यांना अकोल्याचे बैल दिसले. सोडलेले होते आणि कडबा खात होते. मैनाबाईच्या अंगणात निंबाला झोका बांधलेला होता आणि त्यावर जयवंता उभी राहून इतका उंच झोका घेत होती की बाप आलेला पाहूनही तिला थांबता येईना. खाली बाजेवर भगवंतराव आमरसाची वाटी घेऊन बसले होते. शेजारी मैनाबाईचा नवरा नत्थुजी त्यांना वारा घालत होता. आणि समोरच्या ओसरीत ओळीने जानरावांचं सगळं घर मांडलेलं होतं. उतरंड, परात, देव, आणि कोपऱ्यात जातं. पार्वताबाई पाट्यावर मसाला वाटत होत्या. रोज पाण्याला जाताना एकेक भांडं न्यायचं, असा त्यांचा महिनाभराचा क्रम होता. जातं आज सकाळी नत्थुजी आणि त्याचे भाऊ कावडीला बांधून घेऊन आले होते, जानराव न्हाव्याकडे गेले असताना.

त्यांनी मान वर न करता म्हटलं, "आले? बसा."

"दरवाज्यापाशी इचारलं," भगवंतराव सांगू लागले, "जानराव पाटलाचं घर कुठसा हाय. कोनालेच ठावं नाई. सूनबाई म्हने, मायचं नाव घेऊन पाहा. घेतलं, त चार बाया गाडीले आडव्या झाल्या. बोचकी त्यायनं उतरवली, पाय त्यायनं धुतले. आमच्या जुन्या शहरात पन्नास वर्सं राह्यलो म्या, एवढं कोनी इचारत नाई." त्यांनी वाटी चाटून पुसून खाली ठेवली. "चांगला मोहल्ला निवडला बरं का इवाई."

जानरावांची छाती आपोआप पुढे आली. "पारख करूनच घेतला म्या," ते म्हणाले. "माती पाह्यली, पानी पाह्यलं..."

ओसरीतला वरवंटा थांबला.

जानरावांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी पागोटं मांडीवर ठेवलं, त्याची एक घडी सरळ केली आणि हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे, जयवंताच्या मायनं निवडला. म्या निवडला थो मोहल्ला दरवाज्याभाईर पडून हाय. तिच्यापायी आज पोरीले माहेर हाय." वरवंटा पुन्हा चालू झाला.

नत्थुजी बराच वेळ चुळबुळ करत होता. तो म्हणाला, "पाटील, एक इचारू? तुमची ते काळी. आमी माळी लोक, भाजीले गावाजवळ जमीन पाह्यत दहा वर्सं झाले. हे समोरची ओसरी अन मांगच्या दोन खोल्या पोरं वायली निघाल्यापासून रिकाम्या हायेत. अदलाबदल करता का?"

"कराची त करू," जानराव म्हणाले, आणि प्रामाणिक माणूस असल्यामुळे पुढे म्हणाले, "पन आधीच सांगतो नत्थुजी, त्या हिरीच्या पान्यात डाळ शिजत नाई."

"वांग्याले कुठं डाळ शिजवाची हाय," नत्थुजी म्हणाला.

जानरावांनी पागोट्यातून कागद काढला आणि चौघांदेखत उलगडला. शेत, काळी, अव्वल. आत खोपटी एक. "खोपटी राखनीले कामी येईन," नत्थुजी कागद लांब धरून म्हणाला, आणि यावर पहिल्यांदा हसले ते जानरावच. भगवंतरावांनी मात्र हसून झाल्यावर त्यांना बाजूला घेतलं आणि या गल्लीत अजून एखादी ओसरी रिकामी होणार असेल तर कानावर घाला, असं सांगितलं.

मग जित्याची खोड म्हणतात तसं झालं. सगळ्यांची नजर चुकवून जानराव अंगणात वाकले, चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. भुरकट पांढरी, अळणी माती. वरून, झोक्यावरून, जयवंताने पाहिलंच.

"कशी हाय बाबा?"

जानरावांनी डोळे मिटून तिची चव नीट घेतली. "पीक नाई येनार हिच्यात," ते म्हणाले. "लेकी येतीन."

"आता चूळ भरा," पार्वताबाई ओसरीतून म्हणाल्या, "अन जेवाले बसा. वांगे थंडे होऊन राहिले."